कोळ्याचे नाव आणि नाव सांगणारी साधने

गणपतीची सुट्टी संपून शाळा भरली त्या आठवड्यातली गोष्ट. मधल्या सुट्टीत आठवीच्या दोन मुली धावत शिक्षकखोलीत आल्या. "सर, बागेत एक कोळी आहे. त्याने जाळ्यावर एक्स काढलाय!" जाऊन पाहिले. जास्वंदीच्या दोन फांद्यांमध्ये ताटभर आकाराचे, उभे, चाकासारखे जाळे होते. मधोमध कोळी उलटा, डोके खाली करून बसला होता. पोटावर पिवळे, रुपेरी आणि तपकिरी आडवे पट्टे. आठ पाय जोडीजोडीने जुळवलेले, त्यामुळे दुरून चारच पाय वाटावेत. आणि त्या चार जोड्यांच्या रेषेत पांढऱ्या जाड धाग्याची नागमोडी नक्षी. एक्सचा उलगडा झाला.

तेवढ्यात शिपाईमामा केरसुणी घेऊन आले. पहिली-दुसरीची मुले त्याच झाडाजवळ खेळतात, कोळी विषारी असला तर काय, हा त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. मुख्याध्यापकबाईंनी मधला मार्ग काढला. "सर, दोन दिवसांत या कोळ्याचे नाव शोधा. निरुपद्रवी असेल तर राहू दे, नाहीतर जाळे काढून टाकू."

एका प्राण्याचे जगणे त्याच्या नावावर अवलंबून आहे, अशी वेळ विज्ञानाच्या शिक्षकावर क्वचितच येते. त्या दोन दिवसांत आम्ही हाताशी असलेले प्रत्येक साधन वापरून पाहिले : पाठ्यपुस्तकातले चित्र, छायाचित्रांची पुस्तके, तज्ज्ञांचे ग्रंथ आणि मोबाईल फोन. या साधनांची परीक्षा त्या जास्वंदीपुढे उभे राहून कशी झाली, ते या लेखात मांडतो आहे. अशी पुस्तके विकत घेताना आणि मुलांच्या हाती देताना आपण त्यांच्याकडून काय अपेक्षा ठेवावी, हा प्रश्न आपल्या सर्वांचाच आहे.

पाठ्यपुस्तकातला कोळी

लहानपणापासून आपण पाहत आलेले कोळ्याचे चित्र आठवा. एका बिंदूतून निघालेल्या रेषा आणि त्यांच्याभोवती एकात एक अशी सहा-सात वर्तुळे. मध्ये एक काळा गोळा, त्याला दोन्ही बाजूंनी चार-चार पाय. अशा चित्रात तीन चुका हमखास सापडतात.

पहिली चूक जाळ्याची. खऱ्या जाळ्यात एकात एक अशी सुटी वर्तुळे नसतात. चिकट धागा फिरत जातो, मधूनमधून दिशा बदलतो, पण तो धागा सलग असतो. मुलांना जाळ्यापासून चार बोटे दूर बोट धरून त्या धाग्याचा माग काढायला सांगा, लगेच लक्षात येते. हा फरक किरकोळ नाही. वर्तुळे काढली की जाळे ही नुसती आकृती होते. सलग धागा काढला की जाळे हे काम होते आणि ते कोणीतरी, कोणत्यातरी क्रमाने केलेले असते. कोळी आधी चौकट आणि आरे बांधतो. मग मध्यापासून बाहेर जाणारा एक विरळ, न चिकटणारा धागा टाकतो. त्यानंतर बाहेरून आत येत चिकट धागा विणतो आणि येताना तो आधीचा विरळ धागा कापून काढतो. गवंडी भिंत उभी राहिल्यावर परांची सोडवतो, तसेच हे.

दुसरी चूक शरीराची. कोळ्याच्या शरीराचे दोन भाग असतात, शिरोवक्ष आणि उदर, आणि आठही पाय शिरोवक्षातून निघतात. चित्रातल्या एका गोळ्यात हे दिसणे शक्यच नाही. काही चित्रांत तर पाय थेट पोटातून फुटलेले असतात.

तिसरी चूक भाषेतली आहे. आपण 'तो कोळी' म्हणतो. पण बागेत चाकाच्या जाळ्यात मधोमध बसलेला मोठा कोळी जवळजवळ नेहमी मादी असते. आमच्या जास्वंदीवरही तीच होती. चाकासारखी जाळी करणाऱ्या बहुतेक कोळ्यांमध्ये प्रौढ नर शिकारीसाठी जाळे विणत नाही, तो मादीच्या शोधात फिरतो. आमच्या कोळ्याच्या वंशात तर नर इतका लहान असतो, की जाळ्याच्या कडेला बसलेला तो एखादे पिल्लू वाटावा. मासे धरणाऱ्यालाही मराठी माणूस कोळी म्हणतो आणि त्याच्या घरच्या बाईला कोळीण म्हणताना अडखळत नाही. मग बागेतल्या कोळिणीलाही तिचा हक्क द्यायला हरकत नसावी. पुढे मी तसेच म्हणणार आहे.

पाठ्यपुस्तकातले चित्र नाव सांगत नाही, हा त्याचा दोष नव्हे. ते त्याचे कामही नाही. पण ज्याने ते चित्र पाहिले आहे त्याला खऱ्या जाळ्यात काय पाहावे हे त्यातून कळत नाही, हा मात्र मोठा दोष आहे.

छायाचित्रांची पुस्तके

शाळेच्या कपाटात इंग्रजीवरून मराठीत आणलेले मुलांचे एक रंगीत पुस्तक होते. त्यात 'बागेतला कोळी' म्हणून एका तपकिरी कोळिणीचे सुंदर चित्र होते. तिच्या पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांचा क्रूस होता. मुली म्हणाल्या, "सर, हीच! क्रूस आहे की!"

इथेच भाषांतराने घोटाळा केला होता. चित्रातली कोळीण म्हणजे अरेनियस डायडेमाटस, युरोपातल्या बागांमधली अगदी सामान्य जात. तिचे नाव फार जुने आहे. स्वीडनच्या कार्ल क्लर्क यांनी १७५७ साली ते दिले. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची सुरुवात लिनियसच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून धरतात, पण क्लर्कच्या कोळ्यांना या नियमात खास अपवाद केला आहे. एवढी प्रतिष्ठित कोळीण, पण ती आपल्या बागेत नसते. शिवाय तिचा क्रूस तिच्या पाठीवर असतो. आमच्या कोळिणीचा क्रूस जाळ्यावर, धाग्याचा होता. दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध नाही. 'बागेतला कोळी' हे लेखकाच्या बागेपुरते खरे होते. भाषांतरकाराने वाक्ये मराठीत आणली, बाग आणायची राहून गेली.

भारतातल्या कोळ्यांची छायाचित्रे असलेली पुस्तके आता मिळतात आणि त्यांनी फार मोठी सोय केली आहे हे प्रथम मान्य केले पाहिजे. अशा पुस्तकात आमची कोळीण पाचव्या मिनिटाला सापडली. वंश : अर्जिओपी. जाळ्यावरच्या नक्षीमुळे इंग्रजीत तिला 'सही करणारी' म्हणतात. कुल : अरेनिइडी. याच कुलात पोटावर काटे असलेली गॅस्टराकँथा, जाळ्यात कचऱ्याची ओळ लावून त्यात लपणारी सायक्लोसा आणि संध्याकाळी जाळे विणणारी तपकिरी निओस्कोना येते.

पण पुढचे पान उलटले आणि अडचण आली. एका पानावर अर्जिओपी अनासुजा, दुसऱ्यावर अर्जिओपी पुल्केला. दोन्ही आपल्याकडे आढळतात, दोन्ही पट्टेरी, दोन्ही नक्षी काढणाऱ्या. वर्गाचे दोन तट पडले. प्रत्येक गट आपापल्या पानावर बोट ठेवून ठाम होता.

या पुस्तकांची मर्यादा इथे उघडी पडते. बहुधा प्रत्येक जातीचे एकच छायाचित्र असते, प्रौढ मादीचे, पाठीच्या बाजूने आणि उत्तम प्रकाशात घेतलेले. नर कुठे आहे? पिल्लू कसे दिसते? पोटाची खालची बाजू? जाळे कुठे आहे? कितीतरी छायाचित्रांत कोळीण एवढी जवळून घेतलेली असते, की जाळे चौकटीबाहेर राहते. म्हणजे वाचकाला सर्वांत सोपी आणि सर्वांत भरवशाची जी खूण दिसते, तीच पुस्तकाने कापून टाकलेली असते.

जाळे किती बोलते पाहा. जाळे उभे नसून तिरपे किंवा आडवे, मधोमध भोक आणि कोळीण रुपेरी, लांबट : मग अर्जिओपी सोडून टेट्रॅग्नॅथिडी कुलातल्या ल्यूकॉगीचा विचार करावा. धागा उन्हात सोनेरी पिवळा, जाळे हातभर किंवा त्याहून मोठे आणि त्याचा मध्य वरच्या कडेकडे सरकलेला : ती नेफिला असावी. ती तर परांचीचा न चिकटणारा धागाही जाळ्यात तसाच ठेवते. बारीक जाळीच्या चादरीसारखे आडवे, तंबूसारखे उचललेले जाळे आणि हात लावला तरी न चिकटणारे : ती सिर्टोफोरा. आणि जाळे चाकासारखेच, पण भिंगातून पाहिले तर धाग्यावर डिंकाचे थेंब नाहीत, लोकरीसारखा पिंजलेला धागा आहे : मग ती युलोबोरिडी कुलातली. या कुलातल्या कोळ्यांना विषग्रंथीच नसतात. भक्ष्याला ते नुसते धाग्यात गुंडाळून गुंडाळून जेरीस आणतात.

शेवटचे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. चाकासारखे जाळे दिसले म्हणजे एकच कुल, असे नाही. आकार सारखा, पण धाग्याची घडण वेगळी आणि कूळही वेगळे. जे पुस्तक हे सांगत नाही ते वाचकाला चित्र जुळवायला शिकवते, प्राणी पाहायला शिकवत नाही.

तज्ज्ञांचे ग्रंथ

दोन तटांचा निवाडा करायला मोठे ग्रंथ हवे होते. भारतातल्या कोळ्यांवरचा पाया घालणारा ग्रंथ आर. आय. पोकॉक यांचा, 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालेतला, १९०० सालचा. पोकॉक लंडनच्या संग्रहालयात काम करत आणि इथून पाठवलेल्या नमुन्यांवरून लिहीत. त्यानंतरचे मोठे नाव बी. के. टिकादार यांचे. १९८२ साली 'फॉना ऑफ इंडिया' मालेतला त्यांचा कोळ्यांवरचा खंड आला, त्यात अरेनिइडी कुल आहे. १९८७ साली त्यांचे 'हँडबुक ऑफ इंडियन स्पायडर्स' भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने प्रसिद्ध केले. जवळच्या महाविद्यालयातल्या एका प्राध्यापकांकडून आम्ही काही पानांच्या प्रती मिळवल्या.

शिक्षकाच्या दृष्टीने या ग्रंथांविषयी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत आणि त्या परस्परविरोधी आहेत.

तक्रार अशी, की हे ग्रंथ बाटलीतल्या कोळ्यासाठी लिहिलेले आहेत. अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या नमुन्याचा रंग उडतो, जाळे तर बाटलीत नसतेच. म्हणून डोळ्यांची मांडणी, पायांवरचे काटे, मिलिमीटरमधली मापे यांवर सारा भर. जिवंत कोळीण समोर घेऊन बसलेल्या शिक्षकाला निम्मी वाक्ये पडताळताच येत नाहीत. शिवाय नावे बदलत असतात. जुन्या पुस्तकातली नेफिला मॅक्युलाटा आज नेफिला पिलिपेस आहे, हे ठाऊक नसेल तर एकाच कोळिणीचे दोन प्राणी होतात.

पण याच ग्रंथांनी आम्हाला जे सांगितले ते कोणत्याच रंगीत पुस्तकाने सांगितले नव्हते. जातीची खात्री रंगावरून होत नाही. ती मादीच्या पोटाखालच्या जननद्वाराजवळील कठीण पट्टिकेच्या घडणीवरून आणि नराच्या तोंडाजवळच्या आखूड अवयवांच्या टोकांवरून करायची असते. रंग वयाप्रमाणे, जागेप्रमाणे बदलतात. निओस्कोना वंशात तर एकाच जातीच्या दोन माद्या वेगळ्या जातींच्या वाटाव्यात इतका फरक असतो. आणि ती पट्टिका शेवटची कात टाकून मादी प्रौढ झाल्यावरच पूर्ण तयार होते. म्हणजे कोळीण अजून वाढत असेल, तर तज्ज्ञालाही घडणीवरून जात सांगता येत नाही.

इथे प्रश्न दुसऱ्याच वाटेला लागला. ती पट्टिका नीट पाहायची तर सूक्ष्मदर्शक हवा आणि कोळीण स्थिर हवी. म्हणजेच बहुधा बाटली आणि अल्कोहोल. ज्या मुलीने ती पहिल्यांदा पाहिली होती तिने विचारले, "सर, तिला वाचवायला नाव हवंय ना? मग नावासाठी तिला मारायचं?"

संशोधनासाठी नमुने गोळा करणे गैर आहे असे मी म्हणणार नाही. संग्रहालयांतल्या त्या बाटल्या नसत्या, तर अर्जिओपी हे नावही आपल्याला मिळाले नसते. पण आमच्या प्रश्नाला जातीपर्यंत जाण्याची गरज होती का? बाईंनी विचारले होते, की मुलांना धोका आहे का. त्याला वंशाचे नाव पुरेसे होते. अर्जिओपी माणसाला धोकादायक मानली जात नाही. हाताने दाबली तर चावू शकते, दुखेल, एवढेच. एरवी धक्का बसला की ती जाळे हलवते किंवा खाली उडी टाकते. दुसऱ्याच दिवशी बाईंना हे उत्तर दिले आणि केरसुणी परत गेली.

मोबाईल फोन

हे सगळे होण्यापूर्वीच नववीतल्या एकाने भावाच्या फोनवर छायाचित्र काढून नाव मिळवलेही होते. दोन सेकंदांत अर्जिओपी अनासुजा. फोनने आम्हाला योग्य वंशापर्यंत क्षणात नेले, हे कबूल करायला हवे. पण 'कशावरून?' असे विचारले तर तो गप्प. त्याने पट्टे पाहिले, की नक्षी पाहिली, की जास्वंदीचे पान पाहिले, काही कळायला मार्ग नाही. दुसऱ्या मुलीने त्याच कोळिणीचे छायाचित्र मागच्या बाजूने काढले, तेव्हा फोनने वेगळे नाव दिले.

जिथे छायाचित्र पाहून जाणकार माणसे नाव सुचवतात, तिथला अनुभव बरा असतो. पण तिथेही मुलांना एक सवय लावायला हवी. कोणी नाव सांगितले की आभार मानून थांबायचे नाही, कारण विचारायचे. 'अमुक खुणेवरून' असे उत्तर आले तर आपण काही शिकलो. नुसते नाव आले तर फक्त एक शब्द मिळाला. विज्ञानाच्या वर्गात 'उत्तर बरोबर, रीत नाही' याला आपण किती गुण देतो, हे मी शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

कोळिणीने दिलेले उत्तर

जाळे राहिल्यामुळे मुलांनी रोज नोंद ठेवायला सुरुवात केली. नवव्या-दहाव्या दिवशी दोघीजणी पुन्हा धावत आल्या. "सर, आता दोन आहेत!" जाळ्यात खरोखर दोन होत्या. एक नेहमीची, जरा फिक्या रंगाची. दुसरी धाग्याला लटकलेली, पाय आक्रसलेली आणि आतून पोकळ. कोळिणीने कात टाकली होती.

याचा अर्थ आमच्या भांडणाच्या वेळी ती प्रौढ नव्हतीच. पुस्तकातल्या प्रौढ मादीच्या छायाचित्राशी आम्ही एका अल्पवयीन कोळिणीचे पट्टे जुळवत होतो. दोन्ही तट चूक होते, असे नव्हे. दोघांकडेही पुरावा नव्हता. शेजारच्या तगरीवरची लहान कोळीण, जिच्या जाळ्यावर एक्सऐवजी गोल चकतीसारखी नक्षी होती, तीही आम्ही वेगळी जात म्हणून लिहिली होती. अर्जिओपीच्या अनेक जातींत लहान वयात नक्षी अशी चकतीसारखी असते आणि मोठेपणी क्रूसाकडे वळते, हे नंतर वाचनात आले. ती नोंद आम्ही खोडली नाही. पुढे प्रश्नचिन्ह घातले.

नक्षीचेही तसेच आहे. ती कशासाठी, याला पुस्तके एका वाक्यात उत्तर देतात, पण ते एक वाक्य प्रत्येक पुस्तकात निराळे असते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्सच्या यूजीन सिमाँ यांना वाटले, की तिने जाळ्याला स्थैर्य येते. १९८३ साली आयस्नर आणि नोविकी यांनी दाखवले, की अशी खूण असलेली जाळी पक्ष्यांकडून मोडण्याचे प्रमाण कमी असते. १९९० साली क्रेग आणि बर्नार्ड यांनी मांडले, की नक्षीवरून परावर्तित होणारे अतिनील किरण कीटकांना ओढून आणतात. वाद अजून संपलेला नाही. ज्या पुस्तकात हा वाद आहे ते चांगले पुस्तक समजावे.

मग पुस्तक कसे निवडावे?

माझी कसोटी आता एकच आहे : कुठे थांबावे, हे पुस्तक सांगते का? 'एवढ्या खुणा दिसल्या तर कुलापर्यंत जा, एवढ्या दिसल्या तर वंशापर्यंत, यापुढे सूक्ष्मदर्शकाशिवाय जाऊ नका' असे जे सांगते ते पुस्तक पातळ आणि काळ्यापांढऱ्या चित्रांचे असले तरी शाळेने घ्यावे. जे प्रत्येक पानावर ठामपणे जातीचे नाव छापते आणि शंकेला जागा ठेवत नाही, ते कितीही देखणे असो, जपून वापरावे. जगात कोळ्यांच्या नोंदलेल्या जाती २०२२ साली ५०,००० च्या पुढे गेल्या. कोणतेही एक पुस्तक त्यातला चिमूटभर भागच दाखवू शकते. आपल्यासमोरचा कोळी त्या चिमटीत असेलच असे नाही, हे वाचकाच्या मनात राहिले पाहिजे.

असे पुस्तक हाती नसेल तर मुलांनाच ते वहीत लिहू द्यावे. जाळे उभे की आडवे, मध्य भरीव की मोकळा, नक्षी आहे का. पाण्याचा बारीक फवारा मारला की धागे स्पष्ट दिसतात. कोळी मध्यात बसतो की कडेच्या पानात, दिवसा दिसतो की रात्री. जवळ पट्टी धरून शरीराची लांबी, पाय सोडून. छायाचित्र दोन्ही बाजूंनी, कारण जाळ्यामागून पोटाची खालची बाजू न पकडता दिसते. तारीख, जागा, झाड. आणि शेवटी नाव, जिथपर्यंत पुरावा आहे तिथपर्यंतच. आज कितीतरी गावांत लोकजैवविविधता नोंदवह्या आहेत आणि त्यात शाळांचा हात लागतो. तिथे चुकीचे नाव ठामपणे गेले तर ते पुढच्याला खरे वाटते. अपुरे पण खरे नाव गेले तर पुढचा ते पुरे करू शकतो.

आमच्या वहीत आजही त्या कोळिणीपुढे लिहिले आहे : 'अर्जिओपी, मादी, जात निश्चित नाही.' पहिल्यांदा ते लिहिताना मुलांना हरल्यासारखे वाटले. कात सापडल्यावर तसे वाटले नाही. ती पोकळ कात आता काड्यापेटीत कापसावर ठेवली आहे आणि या वर्षीच्या आठवीला तीच पहिल्यांदा दाखवली जाते.